मोटर गुणगुणते, पण पंखा फिरत नाही

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. मार्च लागला की फोन सुरू होतात, "भाऊ, कूलर बंद पडला." एवढ्यावरून काही कळत नाही. पंखा फिरतो का, पंप पाणी चढवतो का, आवाज कसा येतो, हे खोदून विचारावं लागतं. मोटर गुणगुणते पण पंखा फिरत नाही म्हटलं, की बहुतेक मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी मीच असा गिऱ्हाईक झालो. छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, रात्री दोनला डोळे टक्क उघडे. पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. ईसीजी चांगला निघाला, तेव्हा डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मॅडमनी विचारलं, "कसं वाटतं?" मी म्हटलं, "गरम होते." मी खोटं बोललो नव्हतो. दुसरं काही सुचलंच नाही.

याला अलेक्सिथायमिया म्हणतात. पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं, अर्थ साधारण 'भावनेला शब्द नाही'. हा स्वतंत्र आजार नाही, स्वभावाचा भाग आहे, आणि दहातल्या एखाद्या माणसात ठळकपणे असतो. नैराश्य, चिंता, व्यसन, ऑटिझम यांच्यासोबत तो जास्त दिसतो. दुखतं कुठे हेच सांगता येत नसेल तर माणूस मदत मागणार कशी? मग तो पोटाच्या आणि डोक्याच्या गोळ्या बदलत बसतो. यासाठी वीस प्रश्नांची एक चाचणी आहे, ६१ किंवा जास्त गुण आले तर ही अडचण ठळक समजतात. पण ती तज्ज्ञांसमोर बसूनच भरा.

आता करायचं काय ते सांगतो. 'काय वाटतं' हा प्रश्न सोडा, 'कुठे वाटतं' विचारा. मी कामाच्या वहीची मागची पानं घेतली. दुपारी आणि झोपण्याआधी तीनच गोष्टी लिहायच्या: अंगात कुठे, त्याआधीच्या तासाभरात काय घडलं, पोटात काही आहे का. तिसरं फालतू वाटेल, पण मेकॅनिक आधी प्लग तपासतो. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना उपाशीपोटी छतावर चढलं की धडधडणारच. पाणी प्या, दोन घास खा, सावलीत बसा. तरी धडधड राहिली तर पुढे चला.

पुढचं काम आपल्या आज्यांनी करून ठेवलंय. पोटात गोळा येतो तेव्हा भीती असते, तळपायाची आग मस्तकात जाते तो राग, आवंढा येतो ते रडू, हातपाय गळतात ती धास्ती, जीव भांड्यात पडतो ती सुटका. मराठीत भावना अंगावरच लिहिलेली असते. मी इंटरनेटवरचा साठ चेहऱ्यांचा तक्ता भिंतीला लावला होता, मला ते सगळे चेहरे सारखेच दिसत. हे वाक्प्रचार मात्र लहानपणापासून कानात होते.

एक नोंद सांगतो. पोराने पुण्याहून फोन केला, नोकरी लागली, दुकानात येणार नाही. मी दोन दिवस सगळ्यांवर खेकसत होतो. स्वतःला सांगत होतो, राग आलाय. वहीत बघितलं तर चारही वेळा 'घसा' लिहिलेलं. राग मला कानातून चढतो, घशातून नाही. बायको म्हणाली, "तुम्ही रागावले नाही जी, तुमाले भेव वाटून राहिलं." भीती होतीच, पण घशातलं ते वेगळं होतं. चौथ्या दिवशी शब्द सापडला, रुखरुख. दुकान त्याला द्यायचं म्हणून मी कधी त्याला विचारलंच नव्हतं. त्याच रात्री मी त्याला फोन केला. फार काही बोललो नाही, पण झोप लागली.

शब्द लगेच सापडत नाही. तेव्हा जवळचे दोन लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका: वैताग की कंटाळा? खंत की लाज? घरातल्या माणसाला विचारा, त्याला आपला चेहरा आपल्याआधी वाचता येतो. भांडण चालू असताना मात्र वही काढू नका, मी काढली होती एकदा. आणि संध्याकाळी चपटी घेतली असेल त्या दिवशीची नोंद धरू नका.

छातीत दुखलं तर आधी हृदयाची तपासणी, वही नंतर. दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली असेल, कशात मन लागत नसेल तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार ओपीडीत जा, वही सोबत न्या. छिंदवाडा रोडवरच्या मनोरुग्णालयाला लोक अजून पागलखाना म्हणतात, म्हणोत, तिथे जायलाही लाजू नका. जगावंसं वाटत नसेल तर थांबू नका, लगेच घरच्यांना सांगा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लावा, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

कालची माझी नोंद: दुपारी चार, खांदे हलके. पोराचा व्हिडिओ कॉल, खोलीवरच्या कूलरचा पंप कसा उघडायचा विचारत होता. शब्दाची जागा कोरी आहे, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.