इंग्रजीच्या तासाला उतारा उलगडताना

इंग्रजीचा उतारा मुलांना कळला नाही की खापर शब्दसंग्रहावर फोडले जाते. पण मुले बहुतेकदा वाक्याच्या बांधणीपाशी अडतात. 'द बॉय हू सॅट बिहाइंड द टीचर लाफ्ड' यात एकही शब्द कठीण नाही, तरी कोण हसले असे विचारल्यावर वर्गातून 'टीचर' असे उत्तर येते, कारण 'लाफ्ड'च्या शेजारी तोच शब्द आहे. म्हणून लांब वाक्यात आधी मुख्य क्रियापद शोधायला लावावे, मग त्याचा कर्ता विचारावा आणि 'हू'पासूनचे उपवाक्य पेन्सिलीने कंसात टाकून उरलेले वाक्य वाचून घ्यावे.

पहिल्या वाचनाच्या वेळी शब्दकोश मिटलेला असावा. अडलेल्या शब्दाखाली फक्त रेघ ओढावी. दुसऱ्या वाचनात संदर्भाने उलगडलेल्या शब्दांच्या रेघा खोडाव्यात आणि उरलेल्यांपुरताच शब्दकोश उघडावा. 'इट', 'दे', 'दिस' यांपासून मूळ नामापर्यंत बाण काढायला सांगावे. 'दिस' अनेकदा एका नामासाठी नव्हे, तर मागच्या संपूर्ण वाक्यासाठी येतो, हे बाण काढतानाच ध्यानात येते. 'अनलेस'साठी वेगळा वेळ द्यावा. 'यू कान्ट गो अनलेस यू फिनिश' याचे शब्दशः भाषांतर नकारांत गुरफटते. 'संपवलेस तरच जाता येईल' असे म्हटले की गाठ सुटते.

प्रश्न विचारताना उताऱ्यात जसेच्या तसे सापडणाऱ्या उत्तरांवर थांबू नये. 'शी फोल्डेड द लेटर अनरेड अँड ब्लू आउट द लॅम्प' या वाक्यावर 'पत्रातला मजकूर तिला आधीच ठाऊक असेल का?' असे विचारावे. उत्तर हो असो वा नाही, कोणत्या शब्दावरून तसे वाटले ते दाखवता आले पाहिजे. तेवढी अट पाळली की अंदाज आणि अनुमान यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

साहित्यप्रकाराची व्याख्या पाठ करून घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्या प्रकारामुळे वाचनात काय बदलते, ते दाखवावे. कथेत निवेदक कोण हे आधी ठरवावे, कारण 'आय' म्हणणारा म्हणजे लेखक नव्हे आणि त्याचे म्हणणे खरेच असेल असेही नाही. कविता वाचताना मुले प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबतात आणि अर्थ तुटतो. थांबायचे ते विरामचिन्हापाशी. सुनीत म्हणजे सॉनेट हा काव्यप्रकार; त्याच्या 14 ओळी मोजून काम संपत नाही. इटालियन पद्धतीत आठ ओळींनंतर, साधारणपणे नवव्या ओळीशी, विचार वळण घेतो; इंग्रजी पद्धतीत चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळींची जोडी असते, आणि कलाटणी पुष्कळदा त्या जोडीपर्यंत लांबते. 'बट' किंवा 'यट' कुठे आला ते शोधले की वळणाची जागा अनेकदा हाती लागते. यमके कानाने तपासावीत, कारण 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांची अक्षरे जुळतात, उच्चार जुळत नाहीत.

नाटकासाठी एकच कृती पुरते: कथेतला छोटा प्रसंग संवादरूपात लिहायला द्यावा. 'शी वॉज अफ्रेड' हे निवेदकाचे वाक्य तिथे कुठेच बसत नाही, आणि मग ती भीती एखाद्या अर्धवट राहिलेल्या संवादात किंवा 'दाराची कडी पुन्हा तपासते' अशा रंगसूचनेत मुलांना स्वतःच आणावी लागते.