अहिराणी गाण्याचा डेमो घरच्या घरी

डेमो हा गाण्याचा कच्चा खर्डा. ढोलकी किती गोड वाजली याला त्यात फारशी किंमत नसते. ध्रुवपद दुसऱ्यांदा आल्यावर ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटतं का, एवढंच तपासायचं असतं. खान्देशातले नवे गीतकार बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात: शब्द अर्धवट असतानाच तयार बीट (आधीच बनवलेला ठेका) घेतात आणि मग तिच्या मापाने ओळी छाटत बसतात.

आधी फोनवर, टाळीच्या ठेक्यावर अख्खं गाणं म्हणा. पट्टी मुखड्यावरून ठरवू नका. सगळ्यात चढा स्वर (बहुतेकदा अंतऱ्यात सापडतो) सलग तीनदा गळा न ताणता लागला पाहिजे. पेटीवरच्या पट्ट्यांत सांगायचं तर पुरुषांना साधारण काळी एक ते पांढरी दोन, बायकांना काळी चार-पाच सोयीची पडते. पण अर्ध्या स्वराने खाली आल्यावर शब्द मोकळे होत असतील तर खुशाल खाली या. ‘मन्हा’, ‘तुन्हा’ यांतला ‘न्ह’ चढ्या आणि लांब स्वरावर आला की हकार गळतो. तिथे चाल नव्हे, शब्दाची जागा बदला.

मग क्लिक, म्हणजे गाताना हेडफोनमध्ये ऐकायची लयीची टिकटिक. ठेका सहा मात्रांचा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ६/८ लावा. चार मात्रांच्या क्लिकवर गायलं की पुढे ढोलकीचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) कुठेच बसत नाही, आणि दोष मात्र ढोलकीवाल्याला मिळतो.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. कंडेन्सर माइकला इंटरफेसवरून (माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवरून) ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच तारेतून जाणारी वीज, लागते. तोंडापासून माइक वीतभर दूर आणि किंचित तिरका ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फटका थेट बसत नाही. सर्वांत मोठ्या आवाजातली ओळ मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. सॉफ्टवेअरमधला बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो तो आकडा) गाताना १२८, मिक्स करताना ५१२. उलटं केलंत तर हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिराने ऐकू येतो.

खोलीसाठी फोम विकत घ्यायची घाई नको. गायकाच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगा, कारण माइकचं तोंड त्याच भिंतीकडे असतं. पत्र्याची खोली मात्र टाळाच. मे महिन्यात पारा ४४ वर असतो आणि कूलर बंद केल्याशिवाय टेक होत नाही, म्हणून पहाटे पाच ते सात हीच वेळ. भुसावळला रुळांजवळ राहणाऱ्यांनी ८० हर्ट्झच्या लो-कटवर (त्याखालचे जाड आवाज कापणाऱ्या फिल्टरवर) भिस्त ठेवू नये. घरघर कमी होते, भोंगा तसाच राहतो. सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती थांबली तर गडबड चार्जरची किंवा घराच्या अर्थिंगची आहे, माइकची नाही.

तीन पूर्ण टेक घ्या. त्यांतला एक निवडा, फसलेल्या ओळीच तेवढ्या दुसऱ्यातून उचला. सूर दुरुस्त करणारं प्लगइन डेमोवर लावू नका. पट्टी चुकली असेल तर ते झाकतं.

कानबाईच्या किंवा आखाजीच्या (खान्देशातले सण) पारंपरिक चालीवर लिहिलं असेल तर हक्क तुमच्या शब्दांवर, चालीवर नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत ही वेगळी कामं आहेत. नोंदणी सक्तीची नाही; करायचीच तर प्रत्येक कामाला ५०० रुपये शुल्क. दुसऱ्याने चाल दिली असेल तर वाटणी डेमो पाठवण्याआधीच कागदावर घ्या. पाठवताना एमपीथ्री चालते, मूळ वेव्ह फाइल स्वतःकडे ठेवा आणि फाइलच्या नावातच पट्टी, लय नि तारीख लिहा.