मराठी ब्लॉगसाठी एसईओ प्लगिन: हिरव्या दिव्यापायी भाषा मोडू नका

वर्डप्रेसवर ब्लॉग चालवणाऱ्याने एसईओ प्लगिन, म्हणजे ब्लॉग शोधनिकालांत नीट दिसावा यासाठीची जोडसुविधा, बसवण्याआधी सेटिंग्जमधील ‘रीडिंग’ हे पान उघडून सर्वांत खालची चौकट पाहावी. सर्च इंजिनांनी हे संकेतस्थळ इंडेक्स करू नये, म्हणजे शोधाच्या नोंदीत घेऊ नये, अशी विनंती ती चौकट करते. संकेतस्थळाचे काम सुरू असताना तिच्यावर खूण केली जाते आणि काम संपल्यावर ती काढायची राहून जाते. माझ्या पाककृतींच्या ब्लॉगची रचना बदलून घेतली तेव्हा नेमके हेच झाले होते. सुमारे दोन महिने मी प्लगिनची एकेक सेटिंग बदलून पाहत होते, पण नवीन लेख गूगलवर येतच नव्हते. कारण प्लगिनमध्ये नव्हतेच, ते त्या एका खुणेत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्डप्रेस स्वतः काय करते हे माहीत असावे. 2020 मध्ये आलेल्या 5.5 या आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच साइटमॅप, म्हणजे सर्च इंजिनांसाठी पानांची यादी, तयार करते. त्यामुळे प्लगिन घ्यायचे ते मुख्यतः तीन कामांसाठी: शोधनिकालात दिसणारे शीर्षक आणि वर्णन आपल्या हाताने लिहिता यावे, निरुपयोगी पाने इंडेक्समधून वगळता यावीत आणि व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवर दुवा टाकल्यावर योग्य चित्र व मजकूर दिसावा. योस्ट, रँक मॅथ, ऑल इन वन एसईओ, द एसईओ फ्रेमवर्क यांपैकी कोणत्याही एकाची मोफत आवृत्ती या कामांना पुरते. मात्र एका वेळी एकच ठेवावे. दोन प्लगिन चालू राहिले तर एकाच पानावर दोन वर्णने आणि दोन कॅनॉनिकल दुवे (पानाचा अधिकृत पत्ता सांगणारे) उमटतात. संगणकावर आपले पान उघडून कंट्रोल आणि यू ही बटणे एकत्र दाबली की पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, दिसतो. त्यात ‘डिस्क्रिप्शन’ हा शब्द शोधला, तर असा गोंधळ आहे की नाही हे मिनिटभरात कळते.

मराठी ब्लॉगची खरी अडचण पुढे, लेखाच्या पत्त्यात म्हणजे स्लगमध्ये आहे. तिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह वेबपत्त्यात जाताना टक्क्याची तीन चिन्हे आणि सहा अंक-अक्षरे असे नऊ वर्णांचे होते. मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांपैकी प्रत्येकही वेगळे चिन्ह मोजले जाते. वर्डप्रेस स्लगला 200 वर्णांची मर्यादा घालते, म्हणून देवनागरीची जेमतेम 22 चिन्हे तिच्यात मावतात. ‘उकडीच्या मोदकांची उकड कशी काढावी’ असे शीर्षक दिले, तर आपोआप तयार होणारा स्लग ‘उकडीच्या-मोदकांची-उकड-कश’ येथे तुटतो. ‘कशी’ची वेलांटी गळते आणि ‘काढावी’ हा शब्द तर पोहोचतच नाही. शिवाय ब्राउझरमधून हा पत्ता कॉपी केला की बहुधा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ चिकटते आणि ती पाहून दुवा उघडावा की नाही, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो.

यावर उपाय दोन आहेत. एक तर स्लग देवनागरीतच ठेवून तो हाताने आखूड करावा. ‘उकडीचे-मोदक’ हा स्लग 91 वर्णांत बसतो. नाहीतर तेच शब्द रोमन लिपीत लिहावेत. गूगलला देवनागरी पत्ते चालतात, त्यामुळे रोमन लिपी ही सक्ती नाही. तरीही लेख प्रामुख्याने व्हॉट्सॲपवरून पसरत असतील, तर मी रोमन स्लगचाच सल्ला देईन. कोणताही पर्याय निवडला तरी लेख प्रकाशित करण्याआधी स्लगची चौकट उघडून पाहायची सवय लावावी. जुन्या लेखाचा स्लग बदलल्यास वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाचकाला आपोआप नेते. पण ही सोय लेखांना आहे, ‘पेज’ या प्रकाराला नाही. तिथे रीडायरेक्ट स्वतः नोंदवावा लागतो. जे जुने लेख शोधातून चांगले वाचले जात आहेत, त्यांच्या पत्त्यांना हात लावू नये.

आता दिव्यांकडे येऊ. यांतील बहुतेक प्लगिन ‘फोकस कीफ्रेज’ विचारतात, म्हणजे लेख ज्या शब्दांनी शोधला जावा असे वाटते ते शब्द. ते शब्द मजकुरात किती वेळा आले हे मोजून लाल, नारिंगी किंवा हिरवा दिवा किंवा गुण दाखवले जातात. अडचण अशी की मराठी शब्द वाक्यात मूळ रूपात क्वचितच राहतो. मी ‘उकडीचे मोदक’ हे शब्द दिले होते आणि लेखात ‘उकडीच्या मोदकांसाठी आंबेमोहोराची पिठी घ्यावी’, ‘उकडीच्या मोदकांना कळ्या पाडताना बोटांना तूप लावावे’ अशी वाक्ये होती. सामान्यरूप आणि विभक्ती न ओळखणाऱ्या त्या प्लगिनला यात ‘उकडीचे मोदक’ कुठेच सापडले नाहीत आणि संपूर्ण लेख मोदकांवर असूनही दिवा लाल राहिला.

अशा वेळी ‘उकडीचे मोदक साठी’ किंवा ‘उकडीचे मोदक ला’ असे लिहिण्याचा मोह होतो, आणि अशी वाक्ये आज अनेक मराठी ब्लॉगांवर दिसतात. ते अजिबात करू नये. तो दिवा फक्त आपल्या डॅशबोर्डवर असतो. तो गूगलकडे जात नाही आणि कीफ्रेजची चौकट रिकामी ठेवली तरी वाचकाला दिसणाऱ्या पानात काहीही फरक पडत नाही. मोडकी वाक्ये मात्र वाचकापर्यंत थेट जातात. मूळ शब्द शीर्षकात एकदा आणि पहिल्या परिच्छेदात जिथे व्याकरणाने सहज बसतील तिथे एकदा यावेत. त्यानंतर दिव्याकडे न पाहता लिहावे.

सुवाच्यतेच्या गुणांचेही तसेच आहे. वीसपेक्षा अधिक शब्दांची वाक्ये एकूण वाक्यांच्या चतुर्थांशाहून जास्त झाली की माझे प्लगिन तक्रार करते. पण हे माप इंग्रजीच्या चालीवर बेतलेले आहे. इंग्रजीत दोन शब्द लागतात तिथे मराठीत ‘मोदकांसाठी’ हा एक शब्द पुरतो, त्यामुळे वीस मराठी शब्दांत बराच अधिक आशय मावतो. कर्मणी प्रयोग टाळण्याचा इंग्रजी मार्गदर्शकांतील सल्ला तर मराठीला लागूच होत नाही, कारण ‘आईने पिठी चाळली’ हे घरोघरीचे साधे वाक्यही कर्मणीच आहे. लेख मोठ्याने वाचून पाहावा. जिथे धाप लागते तिथे वाक्य तोडावे.

शोधनिकालातील वर्णन दीड-दोन वाक्यांचे आणि त्या लेखापुरते असावे. ते क्रमवारीसाठी धरले जात नाही आणि गूगल कधी कधी त्याऐवजी लेखातील मजकूर दाखवते, तरीही ते लिहिण्याचे कष्ट घ्यावेत, कारण दिसले तर वाचक त्यावरूनच निर्णय घेतो. ‘मेटा कीवर्ड्‌स’ची चौकट कुठे दिसली तर ती सोडून द्यावी. क्रमवारीसाठी ती वापरत नसल्याचे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे. प्रश्नोत्तरांच्या ब्लॉकचा मोह पूर्वी मोठा होता, पण 2023 च्या ऑगस्टमध्ये गूगलने शोधनिकालातील प्रश्नोत्तरांची विशेष मांडणी मान्यवर सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती मर्यादित केली. वाचकाला उपयोग असेल तरच प्रश्नोत्तरे द्यावीत.

वगळायच्या पानांत पहिला क्रमांक टॅगचा. प्रत्येक नव्या टॅगबरोबर वर्डप्रेस एक नवे पान तयार करते. ‘मोदक’, ‘उकडीचे मोदक’ आणि ‘गणपतीचा नैवेद्य’ असे तीन टॅग एकाच लेखाला दिले, तर तोच एक लेख दाखवणारी तीन पोकळ पाने उभी राहतात. प्लगिनमध्ये टॅगच्या पानांना ‘नोइंडेक्स’ करावे, म्हणजे इंडेक्समधून वगळावे. जुन्या ब्लॉगवर प्रत्येक चित्राचेही स्वतंत्र पान असू शकते, तेही बंद करावे.

प्लगिनचा त्रास संपत नाही, त्याची तयारी ठेवावी लागते. सशुल्क आवृत्तीच्या सूचना डॅशबोर्डवर सतत येत राहतात. त्यांतील बहुतेक बाजूला सारता येतात आणि त्यांत सांगितलेली ‘उणीव’ खरी असेलच असे नाही. त्याहून गंभीर बाब अपडेटची आहे. 2018 च्या मार्चमध्ये एका अतिशय प्रचलित प्लगिनच्या नव्या आवृत्तीतील दोषामुळे अनेक संकेतस्थळांवर चित्रांची ही पोकळ पाने पुन्हा खुली होऊन इंडेक्समध्ये गेली होती. निर्मात्यांनी चूक उघडपणे मान्य करून दुरुस्ती दिली, पण दरम्यान त्रास व्हायचा तो झालाच. म्हणून मोठ्या अपडेटआधी बॅकअप घ्यावा आणि अपडेटनंतर एखाद्या लेखाचा सोर्स व टॅगच्या सेटिंग्ज पाहाव्यात. प्लगिन बदलायचे झाल्यास जुने काढून टाकण्याआधी नव्यातील आयात सुविधेने शीर्षके आणि वर्णने आणून घ्यावीत.

एवढे झाल्यावर गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळमालकांसाठीच्या साधनात ब्लॉगची मालकी सिद्ध करावी आणि एकच साइटमॅप नोंदवावा. प्लगिनने स्वतःचा साइटमॅप सुरू केला असेल तर तोच द्यावा. पुढे काही आठवड्यांनी ‘परफॉर्मन्स’ अहवालात लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत पोहोचले ते दिसू लागते. माझ्या अहवालात ‘पाककृती’पेक्षा ‘रेसिपी’ कितीतरी अधिक वेळा येते आणि एकच पदार्थ देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत शोधलेला दिसतो. हे पाहून मी शीर्षकांत ‘रेसिपी’ हा शब्द घेऊ लागले. लेखाच्या आत मात्र ‘कृती’ हाच शब्द ठेवला आहे.