जोना लोमूची कारकीर्द कशी अभ्यासावी

न्यूझीलंडचा माजी रग्बीपटू जोना लोमू याचा अभ्यास आकडेवारीपासून सुरू करू नये. आधी १९९५ च्या विश्वचषकातील, केपटाऊनला इंग्लंडविरुद्ध झालेला उपांत्य सामना संपूर्ण पाहावा आणि चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून त्याने केलेल्या चारही ट्रायमध्ये वेग आणि ताकद यांचा मेळ कसा बसतो, हे थांबून थांबून न्याहाळावे. मगच ६३ कसोटी सामने आणि ३७ ट्राय ही नोंद वाचावी. तिच्याशेजारी मूत्रपिंडाच्या विकाराचा कालक्रम अवश्य मांडावा: १९९५ च्या अखेरीस निदान, २००४ मध्ये प्रत्यारोपण आणि २०१५ मध्ये, अवघ्या ४० वर्षांच्या वयात, मृत्यू. माझ्या मते, १९९९ च्या विश्वचषकातील आठ ट्राय त्याने हा आजार सोसत केले, ही बाब कोणत्याही विक्रमाहून मोठी आहे.