सिक्वेन्स अडकतोय? रॅम घेण्याआधी हे बघा

सोलापुरात घरी बसून पुण्या-मुंबईची कॉम्पोझिटिंगची (वेगवेगळी चित्रं जोडून एक शॉट बनवायची) कामं घेणाऱ्या नव्या पोरांचा पहिला फोन ठरलेला: “दादा, सिक्वेन्स लय अडकतोय. रॅम वाढवू का?”

सिक्वेन्स म्हणजे शॉटच्या एकेका फ्रेमची वेगळी फाइल, अशी रांग. पैसे खिशातच ठेव, आधी टास्क मॅनेजर उघड. प्ले दाबायचं आणि डिस्क नि सीपीयूचे आकडे बघायचे. डिस्क शंभर टक्क्यांवर अन् सीपीयू निवांत, म्हणजे फायलीच वेळेवर पोचत नाहीत. डिस्क मोकळी असेल तर वेळ फायली उलगडण्यात किंवा तुझ्या नोड्समध्ये (ब्लर, मर्जसारख्या एकेका क्रियेच्या डब्यांत) जातोय. इथे एक फसगत होते: आठ थ्रेडच्या मशीनवर एकच थ्रेड राबत असला तर एकूण सीपीयू बारा-तेरा टक्केच दिसतो आणि पोरं म्हणतात, “सीपीयू तर रिकामाय.”

डिस्कचा हिशोब कागदावर मांडून बघ. 1920 गुणिले 1080, चार चॅनेल, प्रत्येकी 16 बिट. एक फ्रेम झाली साधारण 16.6 एमबी. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे जवळजवळ 400 एमबी. कॉम्प्रेशनने हा आकडा उतरतो हे खरं, पण पार्टीने पाठवलेली यूएसबी हार्ड डिस्क शे-दीडशेच्या पुढे क्वचितच जाते. गिगाबिट नेटवर्कची तर कमाल मर्यादाच 125. तिथे रॅम काय करणार? शॉट आतल्या एसएसडीवर कॉपी कर. न्यूक या कॉम्पोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी लोकलायझेशनची (फायलींची लोकल प्रत ठेवायची) सोय आहेच.

खरी मेख बहुतेक वेळा ईएक्सआर या फ्रेमच्या फाइल फॉरमॅटमध्ये असते. थ्रीडीवाले डिफ्यूज, स्पेक्युलर, डेप्थ, क्रिप्टोमॅट (वस्तूंचे मास्क) असे रेंडरचे सगळे थर, म्हणजे पास, एकाच फाइलमध्ये कोंबून पाठवतात. फाइल जुन्या पद्धतीची, सिंगल-पार्ट असेल तर तुला फक्त ब्यूटी (पूर्ण तयार चित्र) हवी असली तरी बाकीचे पासही उलगडावे लागतात. 2013 च्या ओपनईएक्सआर 2.0 पासून मल्टी-पार्टची सोय आहे, त्यात हवा तेवढाच भाग वाचता येतो. कॉम्प्रेशनचंही तसंच. न्यूक पिक्सेलची एकेक ओळ मागत जातो, म्हणून त्याला एका ओळीचं झिप मानवतं, सोळा ओळींचं तितकं नाही.

व्ह्यूअर (चित्र दाखवणारी खिडकी) थेट रीड नोडला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या नोडला, जोड. तिथे सुरळीत चाललं तर दोष तुझ्या नोड्सच्या साखळीत, म्हणजे ट्रीमध्ये. मग एकेक नोड खाली सरकत जा. माझा पहिला संशय नेहमी बाउंडिंग बॉक्सवर, म्हणजे ज्या चौकटीतले पिक्सेल मोजले जातात तिच्यावर. ब्लर, ट्रान्सफॉर्म, मर्ज करता करता तो फ्रेमच्या कितीतरी बाहेर पसरतो आणि न दिसणाऱ्या पिक्सेलांचा हिशोब चालू राहतो. मध्ये एक क्रॉप टाकला की काम भागतं.

अँटीव्हायरस प्रत्येक फ्रेम उघडताना तपासत बसतो, तेव्हा शॉट आणि कॅशचं फोल्डर त्यातून वगळ. फक्त तेवढंच, सगळी ड्राइव्ह नको. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार गेला की सकाळी पळणारा शॉट दुपारी रखडतो. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये गिगाहर्ट्झचा आकडा खाली आलेला दिसला तर कॅबिनेटमधली धूळ काढ. जुळे सोलापूर असो की अक्कलकोट रोड, धूळ सगळीकडे सारखीच.

पुढचं काम घेताना पार्टीला आधीच लिहून टाक: हाफ फ्लोट (16 बिट), एका ओळीचं झिप, ब्यूटी वेगळी, क्रिप्टोमॅट वेगळ्या फाइलमध्ये 32 बिट.