सप्टेंबरात बँकॉक : दिवस सकाळीच उरका

सप्टेंबरात बँकॉकची हॉटेलं स्वस्त मिळतात, पण पावसात अर्धा दिवस लॉबीत बसून जातो. तिथला पाऊस आपल्या कोकणासारखा दिवसभर झोडपत नाही, बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळी धो धो कोसळतो आणि तास-दोन तासांत ओसरतो. म्हणून एवढंच करा:

१. उघड्यावरचं सगळं सकाळी. ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो, दारात उभे राहा. तिथून वाट फो हे बुद्धमंदिर चालत गाठता येतं.

२. दुपारी दोननंतर छपराखाली. बीटीएस म्हणजे उंच खांबांवरून धावणारी शहरी रेल्वे; तिच्या सियाम स्टेशनपासून चिट लोम स्टेशनपर्यंत रुळांखालून उंच पादचारी मार्ग आहे. मॉल, खाणं, पुन्हा मॉल. छत्री पिशवीतच राहते.

३. पाऊस सुरू झाला की टॅक्सीच्या नादी लागू नका. रस्ते तुंबतात, मीटरवर यायला कुणी तयार होत नाही. हॉटेल बीटीएस किंवा एमआरटी (मेट्रो) स्टेशनपासून पाच मिनिटांवरचं घ्या, भले खोली जरा लहान असो.

४. खोली फुकट रद्द करता येईल अशीच बुक करा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी भाव पुन्हा बघा. उतरला असेल तर आधी नवी घ्या, मग जुनी सोडा.

पायात बुटांऐवजी पट्ट्याच्या सँडल. देवळांत काढ-घाल सोपी, आणि ओले मोजे नकोतच. ग्रँड पॅलेसला मात्र हाफ पँट चालत नाही.

याच सहलीला फुकेत जोडणार असाल तर जपून. तिकडे या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरू नका.