अटक झाली आणि वकिलाला पैसे नाहीत: कोकणात मोफत वकील कसा मिळवायचा

माणसाला अटक झाली की घरचे आधी तलाठ्याकडे आणि मग सेतूत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावतात. दाखला हातात येईपर्यंत रिमांडच्या (कोठडी द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं त्या) दोन तारखा होऊन जातात, आणि त्या तारखांना त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. ही धावपळ अनाठायी आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतला माणूस कोठडीत आहे एवढ्यावरच मोफत वकिलाला पात्र ठरतो. त्याचं उत्पन्न किती, जात कोणती, हे विचारायचं कारणच नाही.

दुसरी गफलत शब्दाची. 'सरकारी वकील पाहिजे' असं म्हणू नका. कोर्टाच्या भाषेत सरकारी वकील म्हणजे आरोपीविरुद्ध खटला चालवणारा. तुम्हाला हवा आहे तो 'विधी सेवेचा वकील'. काही जिल्ह्यांत या कामासाठी पूर्णवेळ वकिलांचं लोकअभिरक्षक कार्यालय असतं. हे वकील फक्त आरोपींच्या बाजूने उभे राहतात आणि खासगी केसेस घेत नाहीत. जिथे ते नाही, तिथे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतला (पॅनेलवरचा) वकील नेमला जातो.

अटकेपासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत पोलिसांना माणसाला न्यायाधीशांसमोर उभं करावंच लागतं. खरी वेळ ती. न्यायाधीश 'काही तक्रार आहे का?' विचारतात तेव्हा बहुतेक जण घाबरून मान हलवतात. तिथे एवढंच बोलायचं: 'साहेब, माझ्याकडे वकील नाही, मला परवडत नाही, विधी सेवेचा वकील द्या.' मारहाण झाली असेल तर तेही त्याच क्षणी सांगायचं, म्हणजे ते नोंदवून घेऊन वैद्यकीय तपासणी करता येते. रिमांडच्या कामासाठी नेमलेला वकील असतो, त्याला लगेच बोलावता येतं. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्कही कायद्यात आहे. तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही.

घरच्यांनी तेवढ्यात तालुक्याच्या कोर्टात जावं. दापोली असो, राजापूर असो, कणकवली असो, तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव जिल्हा न्यायालयात भेटतात: रत्नागिरी जिल्ह्यासाठी रत्नागिरीत, सिंधुदुर्गासाठी ओरोसला, रायगडासाठी अलिबागला. छापील अर्ज मिळाला नाही तर कोऱ्या कागदावर लिहा: आरोपीचं नाव, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कुठल्या कोर्टात हजर केलं, सध्या कुठे ठेवलंय, 'वकील नेमण्याची ऐपत नाही' आणि तुमचा फोन नंबर. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, कार्यालयाने ते उतरवून घ्यायचं असतं. मुंबईतल्या चाकरमानी नातेवाइकांनी मुंबईच्या कोर्टात चकरा मारू नयेत, अर्ज जिथे केस आहे त्या जिल्ह्यात करायचा. १५१०० या टोल फ्री क्रमांकावरूनही सुरुवात करता येते.

आरोपी जामिनावर बाहेर असेल, तर मात्र पात्रता पाहतात. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, पूरग्रस्त, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. रायगडातले कातकरी अनुसूचित जमातीत येतात. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे, आणि त्यासाठीही तहसीलदारांचा दाखला हाच एकमेव पुरावा नाही. कलम १३ प्रमाणे उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. अर्ज फेटाळला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करा. कलम १२ मध्ये नागरिकत्वाची अट नाही, म्हणून ट्रॉलरवरचा नेपाळी खलाशी किंवा आंब्याच्या बागेतला राखणदार पकडला गेला तरी त्याला वकील मिळतो. त्याला मराठी कळत नसेल तर दुभाषी मागा. न कळलेल्या कागदावर त्याची सही होऊ देऊ नका.

वकील नेमला गेला की आदेशाची प्रत घ्या आणि वकिलाचं नाव, नंबर लिहून ठेवा. फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचाही खर्च तुमच्याकडे नाही. 'झेरॉक्सचे तरी द्या' असं कुणी म्हटलं तर सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील तारखेला येतच नसेल तर तारखांचा हिशेब देऊन वकील बदलून मागा. आधी खासगी वकिलाचं वकीलपत्र दाखल झालं असेल तर त्याची ना हरकत घेतल्याशिवाय नवा वकील अडकून राहतो, म्हणून ती पहिल्याच दिवशी मागून घ्या.

आता दिवस मोजा, हे काम घरच्यांनीच करावं. पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) ६० दिवसांत कोर्टात आलं नाही (फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत), तर जामीन हा हक्क होतो. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून. पहिला रिमांड ३ जानेवारीला असेल आणि लीप वर्ष नसेल, तर ६० दिवस ३ मार्चला भरतात. ४ मार्चला कोर्ट उघडताच अर्ज आत गेला पाहिजे, कारण अर्जाआधी दोषारोपपत्र आलं की हा हक्क हातचा गेला. आठवडाभर आधी वकिलाला याची आठवण करून द्या.

जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो तो जामीनदारापायी. आपल्याकडे सातबारा आजोबांच्या नावावर, खाली वीस-तीस सहहिस्सेदार, अर्धे मुंबईत. अशा सामाईक उताऱ्यावर जामीनदाराची ऐपत दाखवताना अडचण येते. त्यापेक्षा स्वतःच्या नावावर घर असलेला माणूस शोधा आणि ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, घरपट्टीची चालू पावती, आधार घेऊन या. पगारदार असेल तर पगारपत्रक आणा. जामीनदार जमवायला वेळ लागणार असेल तर तोवर रोख जामिनावर सोडण्याचा अर्ज वकिलाकडून करून घ्या. परगावच्या माणसाकडे स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुचवलं आहे. त्याचा उल्लेख अर्जात करा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाने ते प्राधिकरणाला कळवायचं असतं, पण वाट न पाहता तुम्ही स्वतः सचिवांना कळवा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर त्या माणसाला निर्धन समजून जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच लेखी हमीवर) सोडायचं, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

शिक्षा झाली तर निकालाची प्रत मोफत मिळते, आणि अपिलासाठीही मोफत वकील मिळतो. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस असतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची अपिलं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, रायगडाची मुंबईलाच. कैद्याने तुरुंग अधीक्षकांकडे अर्ज दिला तरी चालतो. त्या अर्जाची तारीख घरच्यांनी भेटीत विचारून लिहून ठेवावी.